थैली मोकळी जाऊ नये

शेलार, १२ फेब्रुवारी २००६

भाविक बाला,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या वसतिगृहाच्या खानावळवाल्याला सुबुद्धी.

तुझं पत्र आलं. तुझ्या आईने वाचून दाखवलं. मी तिला परत वाचायला लावलं, कारण मला वाटलं पोस्टमनने दुसऱ्याच कुणाच्या नातवाचं आणून टाकलं. ‘आजी, तुझ्या प्रकृतीचा विचार करता मसाला कुटायचा डंक आता बंद करणे योग्य.’ बाला, माझ्या गुडघ्याला तू आजवर गुडघाच म्हणत आलास. प्रकृती कधीपासून म्हणायला लागलास? पत्र तुझं, अक्षर तुझं, पण आतून तुझा बाप बोलतोय. रामनाथाला सांग, आईशी बोलायचं असेल तर नाशिकवरून फेरा कशाला, ओटा आणि चूल यात चार पावलं आहेत.

(आजी सांगतात तसंच लिहिते आहे, रागावू नकोस. – आई)

ती काही सांगते तसं लिहीत नाही. माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून लिहिते. मी ‘न्हाय’ म्हणते आणि कागदावर ‘नाही’ उतरतं. असू दे. फोनवर बोलायला मला जमत नाही. फोनवर तू ‘हां आजी, हां आजी’ करतोस आणि टीव्ही बघतोस. पत्रात तुला सगळं ऐकावं लागतं.

तर खरं काय ते ऐक. नाक्यावर चांगदेवशेठने नवा डंक टाकला. खुर्च्या आहेत, पंखे आहेत, गार पाणी आहे, हातात नंबर देतात. मागच्या हंगामात आपल्या निम्म्या बाया तिकडे गेल्या. जिच्या लग्नाच्या हळदीला मी डंकावर हळकुंडं कुटून दिली ती हौसासुद्धा गेली, आणि जाताना तोंडावर पदर घेऊन गेली, जशी काय मी तिची सासू. आता शेजारच्या गोडाऊनवाल्याला गाड्या वळवायला आपली जागा हवी. तुझा बाप म्हणतो, ‘आये, ह्यो एक हंगाम बघू. पाऊस पडायच्या आत गिऱ्हाईक परत आलं तर डंक ठेवू, न्हाय तर जागा देऊन टाकू.’

जागा गेली तर मी दिवसभर घरात बसेन. त्यात सगळ्यात जास्त हाल तुझ्या आईचे होतील.

तू धंदा शिकायला गेलास ना? मग सांग, गेलेलं गिऱ्हाईक परत कसं आणतात.

आणखी एक. सागर टेम्पो घेऊन नाशिकला येतो, त्याच्याबरोबर मी तुला सुका जवळा आणि मसाला पाठवला होता. थैली त्याने परत आणली. मोकळी. आपल्या घरात कुणाचं भांडं, कुणाची थैली मोकळी परत जात नाही, निदान मीठ तरी टाकतो. तुझ्या कॉलेजात हे शिकवत नसतील, पण तू आमच्याकडेही काही दिवस राहिला होतास.

तुझी आजी ठमाबाई


नाशिक, २० फेब्रुवारी २००६

आजी,

पकडलंस. बाबांनीच सांगितलं होतं, ‘तुझं ऐकेल ती, तू लिही.’ मी एका झटक्यात लिहून टाकलं आणि मग दोन रात्री चुळबुळत होतो. परत असं करणार नाही.

थैलीचं डोक्यातच आलं नाही. इथे सगळे जण पिशवी घडी करून परत देतात.

आता कामाचं. आमचे सर म्हणतात की चांगला माल सगळेच देतात, गिऱ्हाईकाच्या लक्षात राहते ती एखादी छोटीशी गोष्ट. ती आपली ओळख झाली पाहिजे. लांबून बघितलं तरी माणूस म्हणाला पाहिजे, हा ठमाबाईंचा डंक. मी बराच विचार केला आहे:

नाव पाहिजे. ‘ठमाबाई मसाला केंद्र.’ खाली ओळ, ‘तिखट, पण आपुलकीचं.’ प्रत्येक डब्यावर लाल-पिवळा स्टिकर. डंकावर काम करणाऱ्या तुळजामावशीला आपल्या नावाचा ॲप्रन. आणि बोर्डावर तुझा फोटो. फोटोमुळे विश्वास वाटतो.

स्टिकर आणि ॲप्रन सागरबरोबर पाठवतोय. फोटोसाठी मात्र हसायचं हं.

भाविक


शेलार, ८ मार्च २००६

भाविक बाला,

तुझं सामान पोचलं, वापरलं, आणि गाव आठवडाभर हसलं. खर्च वाया गेला असं समजू नकोस. गावाला हसू पाहिजेच असतं.

स्टिकर डब्याला लावले. मसाल्याचा डबा म्हणजे बाहेरूनही तेलकट, त्यावर तुझा कागद टिकेना. डब्यावरचा सुटायचा आणि बायांच्या लुगड्याला चिकटायचा. राहीबाई बाजारभर पाठीवर ‘तिखट, पण आपुलकीचं’ घेऊन फिरली. नारपोलीच्या नाक्यावर एका पॉवरलूमवाल्याने तिला विचारलं, ‘काकी, ये क्या लिखा है?’ तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, ‘मेरे को क्या मालूम, मेरे पीछे है.’

तुळजाने पांढरा ॲप्रन घातला तर पहिल्याच बाईने तिला विचारलं, ‘बाय, डागदर बसलाय का आत?’

फोटो मी काढू दिला नाही. माझं तोंड बोर्डावर लावलं तर मिरची न कुटताच तिखट होईल.

आता इथली हालत. सकाळच्या वेळेला तीन-चार बाया येतात, त्यातल्या दोघी गप्पा मारायला. दुपारी वीज जाते. चांगदेवकडे जनरेटर आहे, आमच्याकडे मी आहे. मागच्या मंगळवारी तुझा बाप गोडाऊनवाल्याला घेऊन आला. तो माणूस डंकाच्या दारातून रस्त्यापर्यंत टेप लावून मोजत होता. मी म्हटलं, ‘दादा, टेपचं टोक मी धरू काय?’ तो लाजला. रामनाथ नाही लाजला, पण खाली बघत होता.

बाकी विशेष नाही. त्याच दिवशी राहीबाईचा मसाला कुटून झाला. तुला आठवत असेल, बाया एका थैलीत मिरच्या आणतात आणि डब्यात भाजलेला गरम मसाला. जाताना डबा भरून जातो, थैली मोकळी जाते. एवढी वर्षं जात होती, मला काही वाटलं नाही. पण तुझ्या मोकळ्या थैलीवरून मी तुला बोलले होते ना, त्यामुळे त्या दिवशी राहीबाईची थैली माझ्या डोळ्यात खुपली. नातवाला शिकवायचं आणि आपण तेच करायचं? घरात काही नव्हतं. तुझ्या आईची तांदळाची भाकरी होती. तिचा चतकोर घेतला, राहीबाईचाच ताजा मसाला तेल-मीठ लावून त्यावर फासला, केळीच्या पानात गुंडाळून थैलीत टाकला. ती म्हणाली, ‘ह्ये काय गो?’ मी म्हटलं, ‘तुझंच हाय, तुला देते.’

मग दुसऱ्या बाईची थैली कशी मोकळी देणार? तिच्यातही टाकला. आता रोज टाकावं लागतं.

तू दुसरं काही सुचव. पण चिकटणारं नको.

आजी

(भाविक, भाकऱ्या आकाशातून पडत नाहीत. त्या कोण भाजतं हे आजींनी लिहायला सांगितलेलं नाही. – आई)


नाशिक, १७ मार्च २००६

आजी,

स्टिकरचं वाचून मी इतका हसलो की खोलीतले सगळे गोळा झाले. मग वाईटही वाटलं. टेप लावून मोजण्यापर्यंत गोष्ट गेली असेल असं वाटलं नव्हतं.

एक सांगतो, राग मानू नकोस. ते भाकरीचं थांबव. लोकांना आता पॅकबंद, स्वच्छ गोष्टी आवडतात. चतकोर भाकरी दिली तर म्हणतील, गावठी कारभार. शिवाय आईचे हात दुखतात. त्यापेक्षा आपलं नाव छापलेल्या गोळ्या बनवून घेऊ. वेष्टनावर ‘ठमाबाई’. थैलीत टाकायचीच असेल तर गोळी टाक. पोरं खुश, नाव घरात गेलं.

छापणाऱ्याशी बोलू का?

भाविक


शेलार, ६ एप्रिल २००६

भाविक बाला,

गोळ्या छापू नकोस. तुझी ही अक्कल तुझ्या आधीच चांगदेवशेठला सुचली. कशी ते पुढे सांगते, आधी बसून घे.

राहीबाई माझ्याकडे हंगामात एकदा येते. या वेळी आठ दिवसांत परत आली, हातात हळकुंडं. मी म्हटलं, तुझी हळद तर झाली. ती म्हणाली, ‘हळद राहू दे. पोरांनी जीव खाल्लाय. थैली दिसली का विचारतात, आजीचा चतकोर आणलास का. मसाला भरताना माझी सून रडत न्हाय, पण चतकोरासाठी ही पोरं रडतात.’

मग एकीचं ऐकून दुसरी. पोरं आयांना सांगतात, मसाला शेलारच्या आजीकडे. आया म्हणतात, चांगदेवकडे पंखा आहे. पोरं म्हणतात, पंखा खायचा काय? पूर्णा गावच्या बाया रिक्षा करून यायला लागल्या. त्या गावात आता शेत दिसत नाही, गोडाऊन दिसतात, पण मिरच्या अजून गच्चीवर वाळतात.

आणि एक गोष्ट मलाही नंतर कळली. हौसा परत आली. पदर खाली घेऊन, सरळ तोंड दाखवून. तिने चतकोर तिथेच उघडला, खाल्ला, आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं तिखट लागलं. तर म्हणाली, ‘माझ्या आयेच्या हातचा लागतोय.’ अरे, लागणारच. कृती तिच्या आयेची, मिरच्या तिने निवडलेल्या, दगडफूल तिच्या अंदाजाचं. नाक्यावर तिला दरवेळी शंका यायची की आधीच्या बाईचा मसाला मशीनमध्ये राहिला आणि आपल्यात मिसळला. इथे घास तोंडात गेला की शंका संपली. घरी जाईपर्यंत थांबायला नको.

आता चांगदेव. त्याने ऐकलं की म्हातारी थैलीत काहीतरी घालते आणि पोरं धावतात. त्याने गोळ्यांचा पुडा आणला, रंगीत, कागद नसलेल्या, आणि मूठ-मूठ सगळ्यांच्या मिरचीच्या थैल्यांत ओतल्या. मिरचीच्या थैलीत, बाला. तिच्या तळाला लवंगी मिरचीचा भुगा असतो. पोरांनी घरी हात घातला, गोळी तोंडात, हात डोळ्याला. त्या दिवशी नाक्यापासून नारपोलीपर्यंत पोरं बोंबलत होती. बाया थैल्या घेऊन त्याच्या दारात गेल्या. त्याने खुर्च्या दिल्या, पण कुणी बसलं नाही.

मी फक्त त्या दिवशी चतकोरावर तेल जरा जास्त घातलं.

तर आमच्याकडे रांग असते. वीज गेली तरी बाया जात नाहीत. तुळजा ॲप्रनने भाकऱ्या झाकते, म्हणजे तुझं तेही कामाला आलं.

आजी

(माझे हात दुखत नाहीत. मदतीला शेजारच्या दोघींना घेतलंय. आणि भाविक, काल एक बाई आजींना सोडून मला म्हणाली, ‘भाकरी तुमची ना?’ – आई)


नाशिक, १७ एप्रिल २००६

आजी,

तुझं पत्र मी वर्गात सांगितलं. म्हणजे तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, ठाणे जिल्ह्यातल्या एका उद्योजिकेने असं केलं. सरांनी सगळ्यांना विचारलं, यात खरी युक्ती कोणती? कुणी म्हणालं भाकरी, कुणी म्हणालं पोरं. मी म्हटलं, तिने गिऱ्हाईकाला फुकट काही दिलंच नाही, ज्याचं होतं तेच त्याला चाखवलं. मीच भाकरी थांबव म्हणून लिहिलं होतं हे मात्र वर्गात सांगितलं नाही. तुलाच सांगतो, मी चुकलो होतो.

पण आता एक वाईट बातमी. काल बाबांशी बोललो. मला वाटलं रांग बघून ते खुश असतील. ते म्हणाले, ‘हंगामापुरतं हाय सगळं. गोडाऊनवाला थांबत न्हाय, अक्षय तृतीयेला त्याच्याकडून जागेचा बयाणा घेतो.’ आजी, त्यांनी पावसापर्यंत थांबायचा शब्द दिला होता ना? मी वाद घातला तर म्हणाले, चार पोरं भाकरीला आली म्हणून धंदा होत नसतो.

मी येऊ का? परीक्षा आहे, पण येतो.

भाविक


शेलार, ४ मे २००६

भाविक बाला,

आला नाहीस ते बरं केलंस. तू भांडला असतास आणि तुझा बाप हट्टाला पेटला असता. तो माझा मुलगा आहे, त्याला कसं वळवायचं ते मला माहीत आहे. त्याला अडवायचं नाही, वाट मोकळी करून द्यायची.

आपल्या घरचा मसाला नेहमी सगळ्यांच्या शेवटी होतो, हंगाम सरताना. या वेळी अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी तुझ्या आईने मिरच्या काढल्या, देठं खुडली, मसाला भाजला. मी रामनाथाला हाक मारली. म्हटलं, ‘ही थैली, हा डबा. चांगदेवकडे ने.’

तो म्हणाला, ‘आपला डंक असताना?’

‘पुढच्या वर्षी तिकडंच जायचंय ना. या वर्षी वाट शिकून घे. मी मेल्यावर तुझ्या बायकोला, ह्या निशाला, रांगेत उभी करशील काय?’

तुझी आई चुलीकडे तोंड करून हसत होती. (हसत नव्हते. धूर होता. – आई)

तो गेला, रागानेच गेला. पुढचं त्याने स्वतः संध्याकाळी सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, मी काही विचारलं नाही. तिकडे त्याला नंबर दिला, खुर्ची दिली, गार पाणी दिलं. मशीनवर नवा माणूस होता, त्याला ओळखत नव्हता. मसाला कुटला. चांगला कुटला, खोटं कशाला बोलू. डबा भरून दिला, थैली झटकून, घडी करून दिली.

आणि तुझ्या बापाने काय केलं? थैलीत हात घातला.

सवय, बाला. महिनाभर रोज संध्याकाळी कामावरून येताना तो डंकावर थांबायचा आणि तयार थैल्यांतला एखादा चतकोर हळूच उचलायचा. त्याला वाटायचं कुणी बघत नाही. तुळजा त्याच्यासाठी एक जास्तच करून ठेवायची. तर त्या सवयीने हात आत गेला, रिकामा बाहेर आला, आणि तोंडातून निघून गेलं, ‘आणि भाकरी?’

सगळी रांग हसली. मशीनवाला म्हणाला, ‘शेठ, भाकरीवाला डंक शेलारला. ठमाबाईचा. इथं सगळेच विचारतात, आम्ही तिकडंच पाठवतो.’

बघ, चांगदेवचा माणूस त्यांच्या दारचं गिऱ्हाईक आपल्याकडे पाठवतो, आणि माझा मुलगा माझं गिऱ्हाईक त्याच्याकडे नेतो.

रामनाथ घरी आला. डबा खाली ठेवला. थैली हातातच होती. मला म्हणाला, ‘आये, तुला कधीपासून म्हाईत होतं?’ मी विचारलं, काय? म्हणाला, ‘मी चतकोर खातो ते.’ मी म्हटलं, ‘तू लहानपणी गूळ खायचास तेव्हापासून.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून गोडाऊनवाल्याकडे गेला आणि जागा द्यायची नाही सांगून आला. त्या माणसाने विचारलं, भाव वाढवून देऊ का. रामनाथ म्हणाला, ‘भावाचं न्हाय. त्या जागेवर आमचं नाव हाय.’ तो माणूस इकडेतिकडे बघत म्हणाला, ‘बोर्ड तर दिसत नाही.’ रामनाथ म्हणाला, ‘आमचा बोर्ड पोरांच्या तोंडात हाय.’

हे वाक्य त्याला कसं सुचलं, देव जाणे. तुझ्या सरांना सांग, वहीत लिहून घ्या म्हणावं.

अक्षय तृतीयेला बयाण्याऐवजी डंकाची पूजा केली. गोडाऊनवाल्याच्या बायकोची मिरची आली आहे. तिची थैलीसुद्धा मोकळी जाणार नाही.

आजी


नाशिक, १६ मे २००६

आजी,

परीक्षा संपली. तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला.

बोर्डासाठी मी वेगवेगळी चित्रं काढली होती. थैली, मिरची, तू. सगळी फाडली. एकही जमत नव्हतं.

मागच्या खेपेला तू पुन्हा जवळा घालून पाठवलेली थैली सागरबरोबर परत पाठवतोय. मित्राच्या स्टोव्हवर, त्याच्या तव्यावर केलंय. पीठ इथल्या वाण्याचं आहे. आईला आधी दाखवू नकोस.

भाविक


शेलार, २८ मे २००६

भाविक बाला,

थैली पोचली. मी आत हात घातला तर पहिल्यांदा वाटलं, नातवाने तवाच पाठवला.

तुझी भाकरी सगळ्यांनी बघितली. एका बाजूला करपलेली, दुसऱ्या बाजूला कच्ची, आकार आपल्या तालुक्याच्या नकाशासारखा. तुझ्या बापाने तोडायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. तुझ्या आईने ती पदराखाली घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. (धूर होता. – आई)

मला तू मोकळ्या थैलीवरून परत बोलायची संधी दिली नाहीस याचं थोडं वाईट वाटलं. बाकी आयुष्यात इतकी चांगली वाईट भाकरी मी खाल्ली नाही. म्हणजे खाल्ली नाहीच, दात कुठे आहेत.

तर तिचं काय केलं ते ऐक. उन्हात आणखी वाळवली, मधे भोक पाडलं. भोक पाडायला सागरच्या टेम्पोतला खिळा लागला. लूमच्या जाड दोऱ्यात ओवली आणि डंकाच्या दारावर टांगली. वारा आला की फिरते. हौसा काल रस्त्याच्या पलीकडून येत होती, सोबत तिची नवी सून, पहिल्यांदाच आलेली. सुनेने विचारलं, कुठला डंक? हौसाने बोट दाखवलं, ‘ती भाकरी लटकतेय न्हाय काय, तोच.’ मलाही वाचता येत नाही, हौसालाही नाही, पण आपल्या दारावर काय लिहिलंय ते मला पहिल्यांदा वाचता आलं.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. ही तुझ्या आईने स्वतःहून लिहिली नसती, मी हात धरून लिहायला लावते आहे: थैली मोकळी जाऊ नये हे माझं, पण भाकरी निशाची. कुणी विचारलं तर असंच सांगायचं. (बरं. – आई)

पाऊस जवळ आला. हंगाम संपला. तुळजा डंक पुसून, तेल लावून, वर गोणपाट टाकतेय. पुढच्या फाल्गुनात उघडेल. रामनाथ म्हणतो, जनरेटर बघू. मी म्हटलं, बघ, पण खुर्च्या आणू नकोस. बाया बसल्या की गप्पा लांबतात.

तुझी थैली सागरबरोबर परत येते आहे. जड आहे, दोन्ही हातांनी घे.

आजी